शनिवारी थांबलेला घाणा

रायगड जिल्ह्यातल्या काही गावांत पूर्वी दोन प्रकारचे तेली ओळखले जात. एक सोमवार तेली, दुसरे शनवार तेली. सोमवार तेली हिंदू. शंकराचा वार म्हणून ते सोमवारी घाण्याला बैल जुंपत नसत. शनवार तेल्यांचा घाणा शुक्रवारी सूर्य मावळायला लागला की थांबे, तो शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत. त्यांच्या घरात देवाची मूर्ती नसे, मुलग्यांची आठव्या दिवशी सुंता होई, आणि समुद्राच्या काठावर राहूनही ते कोळंबीला हात लावत नसत, कारण ज्या मासळीला खवले आणि पर नाहीत ती त्यांना वर्ज्य. गावाला हे सगळं दिसत होतं. नाव मात्र पडलं ते सुट्टीच्या वारावरून. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवत. इस्राएलची लेकरं, म्हणजे ज्यू.

माझं शनिवारशी कधीच काही देणंघेणं नव्हतं. आमच्याकडे शनिवार म्हणजे मारुतीला तेल, आणि पुढे नोकरी लागल्यावर अर्ध्या दिवसाची कचेरी. पण एका धर्माचे लोक शेकडो वर्षं, जवळ ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, बाकीच्या जगातल्या धर्मबंधूंचा पत्ता नाही अशा अवस्थेत एक न करण्याची गोष्ट जपून ठेवतात, याचं मला फार कुतूहल वाटायचं. म्हणून एका जानेवारीत, शुक्रवार गाठून, मी गेटवेहून मांडव्याची लाँच पकडली.

मांडव्याहून अलिबागला जाताना वाटेत किहीम आणि मग नवगाव लागतं. बेने इस्राएलांचा कोकणातला इतिहास या नवगावला सुरू होतो, निदान त्यांच्या आठवणीत तरी. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका पोहून किनाऱ्याला लागल्या. बाकीची प्रेतं वाहत आली, ती गावकऱ्यांच्या मदतीने पुरली. घटना नेमकी कधीची यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची म्हणणारे आहेत, बरीच अलीकडची म्हणणारेही आहेत. फुटलेलं जहाज आणि चौदा देह म्हटल्यावर चित्पावनांची उत्पत्तिकथा आठवल्याशिवाय राहत नाही. परशुरामाने जिवंत केलेली प्रेतंही चौदाच. कुणी कुणाची गोष्ट उचलली यावर मी वाद घालणार नाही. एकाच किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एकच समुद्र दिसतो. नवगावच्या जुन्या दफनभूमीत आता स्मारक उभं आहे, मागे नारळीच्या वाड्या आहेत, आणि मी गेले तेव्हा तिथे माझ्याखेरीज कुणी नव्हतं.

पुढची गोष्ट मला जहाजापेक्षा महत्त्वाची वाटते. हे लोक वाचले, पसरले, मराठी झाले. पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर. बायकांनी लुगडं नेसलं, गळ्यात मंगळसूत्र घातलं. हिब्रू विसरली. मागे उरलं ते थोडं: ‘शमा’ ही प्रार्थना, सुंता, मासळीचा नियम, काही सण, आणि शनिवार. परंपरा सांगते की डेव्हिड राहबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला, त्याने इथल्या बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली, आणि त्यांनी खवल्यांची तेवढी वेगळी काढली तेव्हा हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली. त्याने मग त्यांना धर्म पुन्हा शिकवला.

पुढचं बरंचसं त्यांना शिकवलं ते ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. बायबलचा जुना करार मराठीत आला तो मिशनऱ्यांच्या छापखान्यांतून. त्यांच्यातल्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हेतू अर्थात धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, शाळा घेतल्या, आपल्या पूर्वजांच्या कथा मराठीत पहिल्यांदा वाचल्या आणि जवळजवळ सगळेच्या सगळे ज्यू राहिले. पुढे १८८० च्या सुमारास त्यांनी मुंबईत आपल्या हरिदासांसारखी कीर्तनं सुरू केली. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी, सगळं तेच. फक्त आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं. आपला धर्म परक्यांच्या पुस्तकातून शिकायचा आणि शेजाऱ्यांच्या चालीवर गायचा, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. दुसऱ्या धर्माकडून शिकणं म्हणजे काय याचं याहून रोखठोक उदाहरण मला माहीत नाही.

आम्ही शेजाऱ्यांनी त्यांच्याकडून काय घेतलं, हा प्रश्न घेऊन मी अलिबागच्या इस्राएल आळीत शिरले.

आळी लहान आहे. तिथलं मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर १८४८ चं, आताची इमारत १९१० ची. जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेल्या पहिल्या सिनेगॉगलाही ‘जुनी मशीद’ हेच नाव रूढ आहे. आत मूर्ती नाही, चित्र नाही. पश्चिमेच्या भिंतीत, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेला, पडद्यामागे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या. मध्यभागी कठडा असलेला चौथरा, त्यावरून वाचन होतं. बाजूला एक खुर्ची रिकामी ठेवलेली, ती एलियाहू हनबी या संदेष्ट्याची.

सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. अलिबागमध्ये आता मोजकीच कुटुंबं उरली आहेत, त्यामुळे दहा भरणं ही दर आठवड्याची विवंचना. त्या शुक्रवारी मुंबईहून एक कुटुंब आलं होतं, म्हणून भरले. मी बायकांच्या बाजूला बसले. प्रार्थनेत एक जागा अशी येते की सगळे जण उठून दाराकडे तोंड करतात. शब्बाथ, म्हणजे हा थांबण्याचा वार, ही वधू आहे, राणी आहे, ती येते आहे, तिचं स्वागत करायचं. दारातून आत आलं ते एक मांजर. कुणी हसलं नाही, मीही नाही.

ज्यांच्याकडे मी उतरले होते त्या काकू सत्तरीच्या पुढच्या. सूर्यास्ताआधी त्यांनी पेल्यात पाणी, वर तेल असा दिवा लावला आणि डोळ्यांवर हात धरून पुटपुटल्या. काकांनी काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला हातात घेऊन आशीर्वाद म्हटला, प्रत्येकाला घोट घोट दिला, चपातीचा तुकडा मिठाला लावून दिला. मग जेवण: नारळाच्या दुधातलं कोंबडीचं सांबारं आणि भात. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून कोकणातल्या ज्यू स्वयंपाकात गाईम्हशीचं काम नारळ करतो. मला जेवणानंतर चहाची तलफ आली होती, ती गिळावी लागली.

रात्री काकांनी मला नियम समजावले. ज्यू शास्त्रात शब्बाथला वर्ज्य कामांचे ३९ प्रकार आहेत. नांगरणं, पेरणं, कापणं, मळणं, दळणं, भिजवणं, भाजणं. लोकर धुणं, सूत कातणं, विणणं. गाठ मारणं, गाठ सोडणं. आग पेटवणं आणि विझवणं. घरातली वस्तू रस्त्यावर नेणं. दोन अक्षरं लिहिणं. हो, दोन, एकाने मोठासा गुन्हा होत नाही. लिहिण्यावर पोट असलेल्या माणसाने हे ऐकल्यावर थोडा वेळ गप्प बसावं. पुढे प्रत्येक प्रकाराच्या पोटात आणखी कामं येतात. दाण्यांतून तेल किंवा द्राक्षांतून रस काढणं मळणीत मोडतं, कारण दोन्हींत आतलं बाहेर काढायचं असतं. कोकणातल्या शनवार तेल्यांनी हे पोटनियम वाचले नव्हते, वाचायला पुस्तकच नव्हतं. घाणा मात्र बरोबर थांबत होता.

“आणि कुणी आजारी पडलं तर?” मी विचारलं.

“तर मोडायचा,” काका म्हणाले. “मोडला तरी चालतो असं नाही, मोडायचाच. जीव आधी. तिथे नियम पाळत बसणारा पापी.”

दहा आज्ञांतली शब्बाथची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन वेळा कारण निरनिराळं आहे. एकदा म्हटलंय, देवाने सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी तो थांबला, म्हणून तुम्हीही थांबा. दुसऱ्यांदा कारण बदलतं: तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका, म्हणून थांबा. मला हे दुसरं कारण फार मोठं वाटतं. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला थांबता येतं तो मोकळा. आणि ज्याने गुलामी भोगली त्याने आपल्या हाताखालच्यालाही थांबू द्यायचं, म्हणून आज्ञेत यादीच दिली आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा गडी, तुझी मोलकरीण, तुझा बैल, तुझ्या दारात आलेला परका. सोमवार तेल्यांचा सोडला तर आमच्या बैलाला वर्षातून एकदा पोळा मिळतो. त्यांच्या बैलाला आठवड्यातून एकदा.

काकू आतून ऐकत होत्या. “यादी नीट ऐकलीस का गं?” त्या म्हणाल्या. “गडी आला, बैल आला. बायको कुठाय?”

खरंच नाही. यादीत बायको नाही. काका म्हणाले, बायको ‘तू’ मध्येच धरलेली आहे. काकू म्हणाल्या, “शुक्रवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बघ म्हणावं.” दोन दिवसांचं जेवण एका दिवसात उरकायचं, घर झाडायचं, कपडे काढून ठेवायचे, दिव्याचं बघायचं. थांबण्याचीही कुणीतरी तयारी करावी लागते, आणि ती कोण करतं हे सगळ्या धर्मांत सारखंच दिसतं.

एवढं एक साम्य मान्य करून मला म्हणायचं आहे ते असं. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, हे वाक्य आपल्याकडे सभेत टाळ्या मिळवतं. मला ते आळशी वाक्य वाटतं. सगळे एकच सांगत असतील तर दुसऱ्याचं ऐकायचं कशाला? आपलं घरातलं पुरे आहे. शिकण्याजोगं असतं ते जिथे दुसरा धर्म आपल्याहून वेगळं, किंवा आपण कधी विचारच केला नाही असं काही सांगतो तिथे. माझ्या घरात वारी आहे, एकादशी आहे. एकादशीला आम्ही अन्न सोडतो, काम नाही. उलट बायका त्या दिवशी खिचडी, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस यांत नेहमीपेक्षा जास्त राबतात. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच नाही आली. आमच्या धर्माने मला उपास शिकवला, जागरण शिकवलं, चालणं शिकवलं. हात बाजूला ठेवून बसणं हे कर्तव्य असू शकतं, हे नाही शिकवलं. दुपारी लवंडलेल्या माणसाला आपल्याकडे आळशी म्हणतात, व्रतस्थ म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ते करून पाहिलं. फोन बंद, वही बॅगेत. सकाळची प्रार्थना झाली, आदल्या दिवशीचं जेवण झालं, काका झोपले, काकू ओट्यावर बसल्या. पहिले काही तास वाईट गेले. हाताला चाळा नसला की आपण किती अस्वस्थ माणूस आहोत हे कळतं. काकूंना भेटायला शेजारची कोळीण आली, गप्पा झाल्या. तिला शनिवारचं माहीत होतं, म्हणून तिने मासळीचे पैसे मागितले नाहीत, रविवारी घेईन म्हणाली. त्या बाईचं माझ्यापेक्षा जास्त शिकून झालेलं होतं. दुपारनंतर मात्र काहीतरी सैल झालं. संध्याकाळ लांबत गेली. अमेरिकेतले ज्यू विचारवंत अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९५१ मध्ये शब्बाथवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात ते म्हणतात की इतर धर्म पवित्र जागा बांधतात, ज्यूंनी पवित्र वेळ बांधला. वाचलं होतं तेव्हा ते मला अलंकारिक वाटलं होतं. पण विचार केला तर जहाज फुटून परक्या किनाऱ्याला लागलेला माणूस मंदिर बरोबर आणू शकत नाही. वार आणू शकतो.

आता तो प्रश्न: आम्ही काय घेतलं? वाटतं त्याहून बरंच, पण फार लांबच्या वाटेने. ज्यूंचा सातव्या दिवशी थांबण्याचा नियम ख्रिस्ती लोकांनी घेतला आणि रविवारवर नेला, इ.स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार हा विश्रांतीचा वार ठरवला. इंग्रजांबरोबर तो आपल्या कचेऱ्यांत आला. गिरण्यांत आला नाही. मुंबईचा गिरणी कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत होता, आणि हिंदूंना सणांच्या सुट्ट्या असतातच, मग आठवड्याची कशाला, असं मालकांचं म्हणणं होतं. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. पहिली मागणी आठवड्यातून एक दिवस सुट्टीची. रविवारच का? तर तो खंडोबाचा वार. सहा वर्षं झगडल्यावर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मिसरमधल्या गुलामांच्या आठवणीतून निघालेली गोष्ट जेजुरीच्या मल्हारीचं नाव घेऊन परळ-लालबागच्या चाळीत पोचली. लोखंड्यांना खंडोबा पुढे करताना ती कुठून आली याची जाण होती का, मला सांगता येणार नाही. त्यांनी ती आपली करून घेतली हे खरं. आणि गंमत अशी, की त्याच काळात मुंबईत रेल्वेत, टपालात, गिरण्यांत नोकरीला लागलेल्या कितीतरी बेने इस्राएलांना शनिवारी कामावर जावं लागत होतं. त्यांची सुट्टी सगळ्यांना मिळाली, त्यांची त्यांना नाही.

आणखी एका सणाबद्दल थोडं सांगते. योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाला कोकणात ‘दारफळणीचा सण’ म्हणत. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, अन्नपाणी नाही, दुसऱ्याचा स्पर्शही टाळायचा. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. ज्यू शास्त्राचं म्हणणं असं की देवाचा अपराध केला असेल तर या दिवशी देव क्षमा करतो, पण माणसाचा केला असेल तर नाही. त्या माणसाच्या दारी जाऊन आधी त्याची समजूत काढावी लागते. देव मध्ये पडत नाही. गंगेत डुबकी मारून सगळं धुऊन निघतं असं मानणाऱ्या मला हे जड गेलं, आणि पटलं.

रविवारी मी खंडाळ्याजवळ सागावला गेले. अलिबागहून पेणकडे जाताना हे गाव लागतं. घाटातलं खंडाळा वेगळं. सागावला कातळावर खुणा आहेत. एलियाहू हनबी अग्निरथातून स्वर्गात गेला तेव्हा घोड्यांच्या टापा आणि रथाची चाकं इथे उमटली, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा. बायबलमध्ये ही घटना यार्देन नदीच्या पलीकडे घडते. पण आमच्या कोकणातही प्रत्येक डोंगरावर पांडव येऊन गेले आहेत, तेव्हा मी कोण बोलणार. मला नेणाऱ्या रिक्षावाल्याने उतरताना चपला काढल्या आणि नमस्कार केला. मुंबईचं ते कुटुंब तिथे मलिदा करत होतं: पोहे, गूळ, खोबरं, वेलदोडा, वर फळं. हिब्रूतून एलियाहूचं गाणं झालं, मग मराठीतून नवस बोलला गेला, मुलाच्या परीक्षेचा. मलिदा सगळ्यांना वाटला, रिक्षावाल्यालाही.

१९५० च्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास बेने इस्राएल होते. बहुतेक इस्राएलला गेले. तिथे काही वर्षं धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये सरकारला त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता द्यावी लागली. ज्यांना कोकणात शेकडो वर्षं शनिवारवरूनच ओळखलं गेलं त्यांच्यावर ही वेळ यावी हा अन्यायच होता. लोद आणि दिमोनासारख्या गावांत मराठी अजून बोलली जाते, ‘मायबोली’ नावाचं नियतकालिकही तिकडून निघालं. अलिबागच्या आळीत मात्र दहा भरत नाहीत.

तुम्ही अलिबागला जालच, सगळेच जातात. किल्ला आणि किनारा झाला की इस्राएल आळीत एक चक्कर मारा. आधी विचारून जा. पुरुषांनी डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल न्यावा. शनिवारी गेलात तर फोटो काढू नका, पैसे देऊ नका, फोन बंद ठेवा. आणि शुक्रवारी दुपारी कुणाच्या घरी जाऊ नका. त्या वेळी घरातल्या बाईला मान वर करायलाही सवड नसते.